टोमॅटोचं वाण सूत्रकृमीला प्रतिकारक आहे की नुसतं सहनशील?

सूत्रकृमी म्हणजे जमिनीतून मुळात शिरणारी, डोळ्यांना न दिसणारी बारीक अळीसारखी कृमी. तिच्यामुळे येणाऱ्या मुळांवरच्या गाठी, दुपारी मान टाकणारी झाडं, खुजी वाढ हे पिंपळगाव-निफाडकडच्या टोमॅटोवाल्याला नव्याने सांगायला नको. घोळ रोपवाटिकेत होतो. "हे वाण सूत्रकृमीला चालतं" एवढ्यावर रोपं उचलली जातात, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच भावात खपतात.

सहनशील वाणाच्या मुळात सूत्रकृमी जगते, वाढते, अंडी घालते. झाड तरीही माल देतं. प्रतिकारक वाणात ती वाढूच शकत नाही. टोमॅटोत हे काम सोलॅनम पेरुव्हियानम या रानटी जातीतून आलेलं एमआय जनुक करतं. पिल्लू मुळात शिरून खायला बसलं की त्याच्या तोंडाजवळच्या पेशी मरतात आणि त्याची उपासमार होते.

फरक पुढच्या पिकात भोवतो. एक मादी काही शे अंडी घालते आणि उबदार जमिनीत साधारण महिन्याला नवी पिढी तयार होते. सहनशील वाणाचा हिरवागार प्लॉट संपवून त्याच बेडवर काकडी किंवा ढोबळी लावली की ती बसते, आणि शिव्या औषधाला पडतात. म्हणून वरचा पाला बघून वाण ठरवू नये. शेवटच्या तोड्यानंतर आठ-दहा झाडं फावड्याने उकरावीत, मुळं धुऊन गाठी बघाव्यात. झाड उपटू नका. बारीक मुळं जमिनीतच तुटतात आणि गाठी तिथेच राहतात.

जपानमध्ये वेगळ्या जातीच्या सूत्रकृमीमुळे होणाऱ्या पाइनच्या मर रोगावर 1978 पासून, रोगातून वाचलेली झाडं निवडून त्यांना सूत्रकृमी टोचून पारखलं गेलं. तिथे "जगलं ते ठेवा" चालतं, कारण ती सूत्रकृमी भुंगेऱ्यावर बसून पसरते आणि भुंगेरा अंडी घालतो ते मरणाऱ्या झाडात. झाड वाचलं की साखळी तुटते. आपल्याकडे जगलेलं सहनशील झाडच जमिनीत सूत्रकृमी वाढवतं, त्यामुळे तो निकष इथे लावणं चूक.

एमआयलाही मर्यादा आहेत. मुळांपाशी तापमान 28 अंशांवर गेलं की ते ढिलं पडतं, म्हणून एप्रिलच्या लागवडीत त्याच्या भरवशावर राहू नये. तेच वाण वर्षानुवर्षं एकाच जमिनीत लावलं तर त्याला न जुमानणाऱ्या सूत्रकृमी वाढतात. बियाण्याच्या पाकिटावरचं एमए/एमआय/एमजे हे सूत्रकृमीच्या अरेनारिया, इन्कॉग्निटा आणि जावानिका या तीन जातींपुरतंच असतं; यातलं एमआय म्हणजे जनुकाचं नाव नव्हे. पेरूच्या बागांमध्ये आढळणारी एंटेरोलोबी ही सूत्रकृमीची जात त्यात येत नाही. पेरू काढलेल्या जमिनीत ही अक्षरं बघून जादा पैसे मोजू नका.