न वापरलेला टायरही म्हातारा होतो

अडगळीतून जुनी सायकल बाहेर निघते. धूळ झटकली तर टायरची नक्षी कोरीकरकरीत, साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केससुद्धा जागच्या जागी. म्हणजे हा टायर रस्त्यावर फारसा फिरलेलाच नाही. मग हवा भरून निघायला हरकत काय? पहिला प्रश्न सहसा वयाचा येतो: किती वर्षं झाली याला? मोटारीच्या टायरवर निदान चार आकडी खूण असते. ३५१९ म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. सायकलच्या टायरवर बहुतेक वेळा तेवढंही सापडत नाही. पण माझ्या मते वय दुय्यम आहे. ती वर्षं त्यानं कुठे आणि कोणत्या अवस्थेत काढली, ते आधी विचारावं.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधकाबरोबर ते तापवलं, तेव्हा साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले गेले आणि रबर कामाचं झालं. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडल्यावरही रबर शांत बसत नाही. हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, कुठे नवे पूल बांधतो, कुठे साखळ्याच तोडतो. पूल वाढले की रबर टणक होतं, साखळ्या तुटत गेल्या की बोटाला चिकटू लागतं. उष्णतेनं हे सगळं भराभर होतं. तापत्या पत्र्याखाली दोन वर्षं काढलेला टायर गार, अंधाऱ्या खोलीत सहा वर्षं राहिलेल्या टायरपेक्षा जास्त खंगलेला असू शकतो.

पण भेगा पडतात त्यामागचा मुख्य आरोपी वेगळाच आहे: ओझोन. जमिनीलगतच्या हवेच्या अब्ज भागांत ओझोनचे जेमतेम काही दहा भाग असतात, तरी तेवढे पुरतात. रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तो तोडतो. मात्र तुटलेल्या जागेची भेग व्हायला रबर ताणलेलं असावं लागतं. कागदाच्या गुंडाळीवर चढवलेला रबरबँड काही महिन्यांनी तडकलेला दिसतो, डब्यात सैल पडलेला त्याचा जोडीदार मात्र बराच काळ टिकतो. टायरचंही तसंच. सैल टांगून ठेवलेला टायर सुखात असतो. हवा गेलेल्या टायरवर सायकल वर्षानुवर्षं उभी असेल, तर खाली दुमडलेल्या जागी रबर सतत ताणलेलं राहतं आणि नेमक्या तिथेच भेगा उमटतात. सायकल निवांत उभी आहे असं आपल्याला वाटत असतं, एवढंच!

जुन्या टायरवर पांढरट थर दिसला तर लगेच बुरशी समजू नका. ओझोनपासून बचावासाठी रबरात मेण मिसळतात. ते हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर पसरतं, आणि तो थर बहुधा तोच असतो. रॉकेल किंवा पेट्रोलनं तो पुसणं म्हणजे संरक्षण काढून घेणं, वर रबरही फुगवणं. ओल्या फडक्यानं धूळ काढली तरी पुरे. तपकिरी बाजूंचे टायर देखणे असतात, पण त्या बाजूंच्या रबरात ऊन झेलणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, नसते. त्यामुळे त्या काळ्यांच्या आधी तडकतात.

आता खरी तपासणी. टायरचं बळ रबरात नसतं, आतल्या दोऱ्यांच्या कापडात असतं. चार सेंटिमीटर रुंद टायरमध्ये ६० पीएसआयच्या आसपास हवा भरली, तर बाजूच्या भिंतीच्या दर सेंटिमीटरवर साधारण आठ किलोंचा ओढा येतो. तो पेलतात दोरे, रबर त्यांना फक्त झाकतं. म्हणून नक्षीवर केसाएवढ्या उथळ भेगा दिसल्या तर मी घाबरत नाही. बाजूची भिंत मात्र चिमटीत धरून वाकवून पाहते, सगळा घेर, आतून आणि बाहेरून. भेगेच्या तळाशी दोरे दिसले, कापड कुजल्यासारखं सुटू लागलं, किंवा रबराचे पापुद्रे नखानं निघाले तर तो टायर बाद. तिथे काटकसर नको. कडेच्या तारेला गंज चढला असेल तरीही तेच.

यातून पार पडलेल्या टायरमध्ये हवा थोडी थोडी भरावी. रिमलगतची बारीक रेघ चाकाभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का, चाक फिरवल्यावर टायर कुठे लचकतो का, फुगवटा येतो का, हे पाहत पाहत टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आतच थांबावं. मग सायकल रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी हवा कमी झाली असेल तर दोष ट्यूबचा किंवा व्हॉल्वचा असू शकतो. फुगवटा आला असेल तर तो टायरचाच.

एवढं झाल्यावरही टणक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर पूर्वीसारखं धरत नाही, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. पहिला फेरफटका कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगानं मारावा आणि ब्रेक दाबून अंदाज घ्यावा. दोनपैकी एकाच टायरची खात्री वाटत असेल तर तो पुढे लावावा. मागचा फुटला तर सायकल डुलत डुलत थांबवता येते, पुढचा गेला की हँडलच ऐकेनासं होतं. परत आल्यावर बाजूच्या भेगा पुन्हा पाहाव्यात. सकाळपेक्षा लांबलेली एखादी दिसली, तर टायर त्याच दिवशी उतरवावा.