हिवाळी ऑलिंपिक : उद्‌घाटन सोहळ्याचा काळ

हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांचा औपचारिक प्रारंभ करणारा सोहळा. तो सामान्यतः फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होतो आणि २००२ पासून न चुकता शुक्रवारी ठेवला जातो. १९२४ ते २०२६ या काळातील २५ सोहळ्यांपैकी चार जानेवारीत झाले : शामोनी (१९२४), सेंट मॉरित्स (१९४८), कोर्तिना (१९५६) आणि इन्सब्रुक (१९६४). बाकीचे सर्व फेब्रुवारीतले. सर्वांत लवकरची तारीख २५ जानेवारी (१९२४), तर सर्वांत उशिराची १८ फेब्रुवारी (स्क्वॉ व्हॅली, १९६०). संचलन, शपथ, ज्योत इ. विधी उन्हाळी ऑलिंपिकप्रमाणेच असतात.

पहिला सोहळा कोणता मानावा, याविषयी मतभेद आहेत. बर्फावरील खेळ ऑलिंपिकमध्ये शामोनीच्या आधीपासून होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगच्या स्पर्धा ऑक्टोबरात झाल्या. १९२० मध्ये अँटवर्पला फिगर स्केटिंग व आइस हॉकी एप्रिलमध्येच उरकले, आणि त्या ऑलिंपिकचे रीतसर उद्‌घाटन मात्र १४ ऑगस्टला झाले. म्हणजे पदके आधी आणि सोहळा जवळजवळ चार महिन्यांनी. स्वतंत्र हिवाळी महोत्सवाची परंपरा स्वीडनमध्ये होती. स्टॉकहोम येथे फेब्रुवारी १९०१ पासून ‘नॉर्डिक क्रीडा’ भरत, आणि वेगळ्या हिवाळी ऑलिंपिकला स्कँडिनेव्हियातून जो विरोध झाला, त्यामागे हा महोत्सव झाकोळला जाण्याची धास्ती बहुधा होती. फेब्रुवारी हा महिना हिवाळी ऑलिंपिकने थेट तिथूनच उचलला, असे म्हणणे धाडसाचे होईल. साचलेला, टिकाऊ बर्फ आणि वाढत जाणारा दिवस हे दोन्ही याच सुमारास एकत्र मिळतात, हे कारण पुरेसे आहे.

शामोनी येथे २५ जानेवारी १९२४ रोजी जे सुरू झाले, त्याचे तेव्हाचे अधिकृत नाव ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ असे होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला केवळ आश्रय दिला होता, आणि त्या वर्षीचे मुख्य ऑलिंपिक पॅरिसला उन्हाळ्यात व्हायचे होते. यावरून काही जण शामोनीच्या समारंभाला पूर्वरंग समजतात आणि सेंट मॉरित्स येथील ११ फेब्रुवारी १९२८ हा पहिला खरा सोहळा धरतात. मान्यता नेमकी केव्हा मिळाली, याबाबतही संदर्भग्रंथांत १९२५ व १९२६ अशी दोन्ही वर्षे आढळतात. यातील १९२५ चा प्राग येथील निर्णय हिवाळी स्पर्धांचे स्वतंत्र चक्र सुरू करण्याचा होता. शामोनीला पूर्वलक्षी मान्यता १९२६ मध्ये लिस्बनच्या अधिवेशनात मिळाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सेंट मॉरित्सच्या भित्तिपत्रकावर ‘दुसरे हिवाळी ऑलिंपिक’ असेच छापले होते, तेव्हा समकालीन आयोजकांच्या मनात तरी संदेह नव्हता. शिवाय शामोनीत खेळाडू आपापली स्की आणि हॉकीच्या काठ्या घेऊन संचलनात चालले, फ्रेंच खेळाडू कामीय माँद्रियाँ याने शपथ घेतली आणि फ्रान्सचे उपमंत्री गास्ताँ व्हिदाल यांनी स्पर्धा खुली केल्याचे जाहीर केले. ज्योत सोडली, तर सोहळ्याची मुख्य अंगे तिथे होती.

उद्‌घाटनाचा दिवस म्हणजे स्पर्धेचा पहिला दिवस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. ऑस्लो येथे १९५२ मध्ये स्त्रियांची जायंट स्लालम (खांबांमधून वळसे घेत उतरण्याची स्की) शर्यत १४ फेब्रुवारीलाच नोरेफ्येल येथे झाली आणि सोहळा दुसऱ्या दिवशी बिस्लेट क्रीडागारात झाला. त्याच १५ तारखेला इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचा अंत्यविधी असल्याने नॉर्वेचे राजे होकोन व युवराज ओलाव लंडनला गेले होते. राजांची नात, २१ वर्षांची राजकन्या राग्नहिल्ड हिने उद्‌घाटनाची घोषणा केली. ऑलिंपिकचे उद्‌घाटन करणारी ती पहिली स्त्री. राजनैतिक शिष्टाचारातील एका योगायोगाने घडलेली ही गोष्ट ऑलिंपिकच्या इतिहासात फार मोलाची आहे. अलीकडे कर्लिंग (बर्फावर दगडी गोटे सरकवण्याचा खेळ), आइस हॉकी अशा लांबणाऱ्या खेळांच्या प्राथमिक फेऱ्या एकदोन दिवस आधी सुरू होतात : बीजिंगला (२०२२) सोहळा ४ फेब्रुवारीला, कर्लिंग २ पासून.

वार ठरू लागला तो दूरचित्रवाणीमुळे. १९८४ पर्यंत सोहळे बुधवार, गुरुवार असे कोणत्याही वारी होत. कॅलगरीने (१९८८) कार्यक्रम १६ दिवसांचा करून त्यात तीन शनिवार-रविवार बसवले, आणि १९९८ पर्यंत उद्‌घाटन शनिवारी होत राहिले. सॉल्ट लेक सिटीपासून (८ फेब्रुवारी २००२) ते शुक्रवार संध्याकाळवर आले. वेळही प्रेक्षक पाहून ठरते. नागानोत (१९९८) सोहळा सकाळी ११ ला सुरू झाला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे ९ वाजले होते. सोचीत (२०१४) वर्षाच्या आकड्याशी जुळवून रात्री ८ वाजून १४ मिनिटांचा मुहूर्त धरला. बीजिंगची तारीख चिनी पंचांगातील वसंतारंभाची होती. भारतीय वेळेनुसार तो सोहळा सायंकाळी ५.३० ला पडला. इटलीत रात्री ८ ला सुरू झालेले तुरीन (२००६) व मिलान-कोर्तिना (६ फेब्रुवारी २०२६) येथील सोहळे मध्यरात्रीनंतर १२.३० ला.

सोचीची तारीख भारताच्या दृष्टीने क्लेशकारक ठरली. भारतीय ऑलिंपिक संघटना तेव्हा निलंबित होती आणि तिची निवडणूक ९ फेब्रुवारीला व्हायची होती. सोहळा दोन दिवस आधी, ७ तारखेला असल्याने शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल या भारतीय खेळाडूंना तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली चालावे लागले. निलंबन ११ तारखेला उठले.

हिवाळी पॅरालिंपिकचे उद्‌घाटन मार्चमध्ये होते. २००६ पासून ते ऑलिंपिक सोहळ्यानंतर बरोबर २८ दिवसांनी ठेवले जाते. हिवाळी स्पर्धांची वर्षे लीप वर्षे नसल्याने दोहोंची तारीख एकच येते : १० फेब्रुवारी व १० मार्च २००६, ४ फेब्रुवारी व ४ मार्च २०२२. मार्चच्या उबेने बर्फ मऊ पडतो, याचा त्रास सोचीत स्कीपटूंना झाला.

आशियाई हिवाळी स्पर्धांना असे ठरावीक वेळापत्रक नाही. पहिली स्पर्धा साप्पोरो येथे १ मार्च १९८६ रोजी सुरू झाली. हार्बिन येथील उद्‌घाटन ७ फेब्रुवारी २०२५ रोजी, शुक्रवारी झाले, आणि आइस हॉकीचे सामने त्याआधीच सुरू झाले होते.