स्लॅपस्टिक विनोद (ॲनिमेशन लघुपटांतील)

पडणे, आपटणे, पाठलाग, अंगावर उलटलेले डाव आणि मार खाऊनही पुढच्या क्षणी धडधाकट उभी राहणारी पात्रे यांवर आधारलेला आंगिक विनोदाचा प्रकार. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखविल्या जाणाऱ्या सहा ते आठ मिनिटांच्या अमेरिकन कार्टूनपटांत तो सर्वाधिक विकसित झाला. त्याचा बहराचा काळ सामान्यतः १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत धरला जातो.

उगम : स्लॅपस्टिकचे मूळ साधन १६ व्या शतकातील इटालियन कॉमेदिआ देल्लार्ते या नाट्यप्रकारात सापडते. त्यातील नोकर-विदूषक, विशेषतः आर्लेक्किनो, दोन पातळ फळ्यांची जोडकाठी (इंग्रजीत ‘स्लॅपस्टिक’) बाळगीत असे. फटका बसताच फळ्या एकमेकींवर आदळून मोठा आवाज होई. नटाला मात्र फारसे लागत नसे. आवाज आणि इजा यांची ही फारकत पुढे ॲनिमेशनने टोकाला नेली.

रंगमंचावरून ॲनिमेशनपर्यंतचा प्रवास वादग्रस्त आहे. प्रचलित मतानुसार मूकपटांतील विनोदी नट हा मधला दुवा होय. या मताला ठोस आधार आहे. पॅट सलिव्हन यांच्या न्यूयॉर्कमधील स्टुडिओने १९१६ नंतरच्या काही वर्षांत चार्ली चॅप्लिनच्या पात्रावर कार्टूनपट काढले आणि त्यांसाठी स्टुडिओतील ॲनिमेटर ओटो मेस्मर यांनी चॅप्लिनच्या हालचाली बारकाईने अभ्यासल्या. चॅप्लिननेच आपल्या निरनिराळ्या आविर्भावांची छायाचित्रे पाठविली होती, असे मेस्मर उत्तरायुष्यात सांगत. १९१९ मध्ये अवतरलेल्या फेलिक्स या मांजराची चाल आणि लकबी हे त्या अभ्यासाचे फळ मानले जाते. फेलिक्सचा जनक सलिव्हन की मेस्मर, हा वेगळा वाद. सलिव्हन यांच्या हयातीत श्रेय त्यांनाच मिळाले. आज बहुतेक इतिहासकारांचा कल मेस्मर यांच्याकडे आहे, तर सलिव्हन यांच्या मायदेशी, ऑस्ट्रेलियात, त्यांची बाजू अजून मांडली जाते.

दुसरे मत छापील चित्रकथांकडे बोट दाखविते. चित्रपटाचे फ्रेंच आद्य प्रवर्तक ल्यूमिएर बंधू यांच्या १८९५ मधील एका छोट्या चित्रपटात खोडकर मुलगा पाण्याच्या नळीवर पाय देतो, माळी वाकून नळीच्या तोंडात डोकावतो, मुलगा पाय काढतो आणि माळी भिजतो. हाच प्रसंग १८८० च्या दशकातील फ्रेंच चित्रकथांत आधीच येऊन गेला होता. तिसरे मत व्हॉडव्हिल (विविध करमणुकीचे छोटे कार्यक्रम) रंगमंचावर प्रेक्षकांसमोर भराभर चित्रे काढणाऱ्या कलावंतांना महत्त्व देते. जे. स्ट्यूअर्ट ब्लॅकटन आणि विन्सर मॅके हे अमेरिकन ॲनिमेशनचे दोन्ही आद्य कर्ते असे कार्यक्रम करीत. फ्रान्समध्ये एमील कोल यांच्या ‘फांतास्मागोरी’त (१९०८) वस्तू एकमेकींत विरघळत जातात आणि मोडलेल्या विदूषकाला चित्रकाराचे हात पुन्हा जोडून देतात. दोन मिनिटांहूनही लहान असलेल्या या चित्रपटासाठी सुमारे ७०० रेखाचित्रे लागली.

चॅप्लिन पडद्यावर आला तो १९१४ मध्ये. तुटून पुन्हा जुळणारे शरीर त्यापूर्वीच रेखाटनात अस्तित्वात होते. त्यामुळे मूकपटांनी ॲनिमेशनला टायमिंग आणि अभिनय दिला, शरीराची अमर्याद लवचिकता मात्र चित्रकलेतून आली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

तंत्र : जिवंत नट पडतो तेव्हा त्याचे वजन प्रेक्षक गृहीत धरतो. कागदावरील आकृतीला वजनच नसते. ते आधी निर्माण करावे लागते, तरच तिचे पडणे हास्यास्पद होते. डिस्ने स्टुडिओत १९३० च्या दशकात रूढ झालेले ‘स्क्वॉश अँड स्ट्रेच’ हे तत्त्व त्यासाठीच आहे : शरीर दबते व ताणले जाते, पण त्याचे आकारमान कायम राहिल्यासारखे वाटते. दिग्दर्शक टेक्स ॲव्हरी यांनी वॉर्नर आणि पुढे एमजीएम या स्टुडिओंत हा संयम जाणूनबुजून झुगारला. त्यांच्या पात्रांचे डोळे आश्चर्याने खोबणीबाहेर झेपावतात आणि जबडा जमिनीवर आदळतो.

वेळेचे गणित याहून काटेकोर असते. सेकंदाला २४ फ्रेम (चित्रचौकटी) या वेगात १२ फ्रेमचा ताल धरला, तर मिनिटाला १२० ठोके पडतात. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’पासून संगीत आणि हालचाल अशा हिशोबाने आधीच जुळविली जाऊ लागली. वॉर्नरमध्ये संगीतकार कार्ल स्टॉलिंग आणि ध्वनिसंकलक ट्रेग ब्राउन यांनी, तर एमजीएममध्ये स्कॉट ब्रॅडली यांनी आवाजालाच विनोदाचा अर्धा भार दिला. ‘टॉम अँड जेरी’तील टॉम मांजराची प्रसिद्ध किंकाळी दिग्दर्शक विल्यम हॅना यांच्या आवाजातील आहे.

वॉर्नरचे दिग्दर्शक चक जोन्स यांच्या रोडरनर मालिकेतील (आरंभ १९४९) रोडरनर पक्ष्याच्या मागे लागून कड्यावरून पडणारा कायोटी (लांडग्यासारखा प्राणी) हे या गणिताचे उत्कृष्ट उदाहरण. तो हवेत थबकतो, खाली पाहतो, मग प्रेक्षकांकडे पाहतो. पडताना तो १८ फ्रेममध्ये ठिपका होऊन दिसेनासा होतो आणि त्यानंतर १४ फ्रेमनी तळाशी धूळ उडते. १३ किंवा १५ फ्रेमनी हशा येत नसे, असे जोन्स सांगत. हा फरक सेकंदाच्या चोविसाव्या भागाचा आहे. येथे हसू येते ते त्या रिकाम्या थांब्यामुळे, इजेमुळे नव्हे. आदळणे तर दिसतही नाही. या मालिकेची म्हणून एक नियमावली पुढे प्रसिद्ध झाली, परंतु मालिकेचे लेखक मायकेल मॉल्टीझ यांनी असे नियम आपण कधी ऐकले नसल्याचे म्हटले. नियम प्रत्यक्ष कामातून घडत गेले व नंतर शब्दबद्ध झाले असावेत.

मीमांसा : सजीवावर यांत्रिकतेचा थर चढला की हसू येते, असे फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ यांनी १९०० मध्ये मांडले. कार्टूनपटांना ते अर्धेच लागू पडते, कारण येथे मुळात निर्जीव रेषेला सजीवपण मिळते. कोणताही आकार धारण करू शकणाऱ्या या शरीरात सोव्हिएत चित्रपट दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांना स्वातंत्र्याची ओढ दिसली. उलट डोनाल्ड डकला मार खाताना पाहून प्रेक्षक स्वतःचा मार सोसायला शिकतात, अशी कठोर टीका जर्मन तत्त्वज्ञ आडोर्नो व होर्कहायमर यांनी केली. स्फोटानंतर काळवंडलेल्या चेहऱ्यावर कृष्णवर्णीयांचे व्यंगचित्र उमटविणारे विनोद ‘मिन्स्ट्रेल’ या, गोऱ्या नटांनी चेहरा काळा रंगवून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याच्या, वंशवादी रंगभूमी-परंपरेतून आले. त्यांतील अनेक प्रसंग दूरचित्रवाणीवर नंतर कापण्यात आले. तंत्राच्या कौतुकात हा वारसा दुर्लक्षून चालत नाही.

उत्तरकाळ : चित्रपट कंपन्यांच्या चित्रपटगृहांवरील मालकीविरुद्ध १९४८ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर मोठ्या कंपन्यांची चित्रपटगृहांवरील पकड सैल झाली आणि लघुपटांचे अर्थकारण ढासळले. १९५७ मध्ये एमजीएमचा कार्टून विभाग बंद झाला. दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या खर्चात पूर्ण हालचाल परवडेना. संवाद वाढले, पडणे-आपटणे कमी झाले. सोव्हिएत संघातील लांडगा व सशाची ‘नू, पगादी!’ ही मालिका (१९६९ पासून) जवळजवळ शब्दांवाचून चालते. संगणकीय ॲनिमेशनमध्ये पिक्सार या अमेरिकन स्टुडिओच्या ‘प्रेस्टो’ने (२००८) जादूगार व ससा यांच्या झटापटीतून जुनी लय पुन्हा साधली.