जलरंगातील आकाशचित्रण

पारदर्शक जलरंगात आकाश रंगवताना ढगाचा पांढरा रंग सहसा ट्यूबमधून येत नाही, तो कागदाचाच राखलेला भाग असतो. म्हणून रंग कुठे लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. तंत्राची निवडही त्यावरूनच होते. नवशिक्याने त्यासाठी ढगाची कड पाहावी: कड धूसर असेल तर कागद ओला हवा, ठळक असेल तर कोरडा.

निरभ्र आकाशाला उतरता वॉश, म्हणजे गडदाकडून फिक्याकडे जाणारा पातळ रंगाचा सलग थर, पुरतो. आकाश माथ्यावर गडद आणि क्षितिजाकडे फिके दिसते, कारण क्षितिजाकडे पाहताना नजर हवेच्या जास्त जाड थरातून जाते. कागद लावलेला बोर्ड वरून किंचित उचलून भरल्या ब्रशाने आडवा पट्टा ओढावा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचे पाणी जमते, तेच पुढच्या पट्ट्यात उचलून घ्यायचे आणि दर वेळी पाणी वाढवायचे. ओढलेल्या पट्ट्यावर पुन्हा ब्रश फिरवू नये. सुरुवात याच वॉशने करावी, हात इथेच बसतो.

पावसाळी ढगांसाठी ओल्यावर ओले, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याचे तंत्र लागते आणि खरी कसोटीही तिथेच आहे. ओला कागद डोळ्यांच्या पातळीवर धरून तिरका पाहावा. पाणी आरशासारखे चमकत असेल तर रंग भरकटतो. चमक मंदावून ओलसर झाक उरली की दाट राखाडी रंग सोडावा, तो हवा तेवढाच पसरतो. याच वेळी ब्रशात पाणी जास्त झाले तर ते आधीचे रंगकण ढकलत नेते आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. तो पुसत बसू नये, वाळू द्यावा.

ओल्या निळ्यातून पिळलेल्या टिश्यूने रंग टिपून ढग काढणे सोपे वाटते, पण ते रंगावर अवलंबून असते. कोबाल्ट आणि सेरुलियन हे निळे बरेचसे उचलले जातात; प्रशियन ब्लू, थॅलो ब्लू कागदात मुरतात. शिवाय टिश्यूची कड फार ठळक उमटते, ती ओल्या ब्रशाने मोडावी.

कागद ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला), शक्यतो सुती घ्यावा. पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून लावताना थोडा जास्त गडद ठेवावा.

हवेचा परिणामही मोठा असतो. कोकणात जुलैमध्ये कागद लवकर वाळत नाही, त्यामुळे थांबण्याची तयारी हवी. विदर्भात मे महिन्यात खालचा पट्टा ओढेपर्यंत वरचा वाळतो, तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेतल्यास सवड मिळते.

इंग्लंडमध्ये चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे ढगांचे अनेक अभ्यास केले. ते बहुतांशी तैलरंगातले आहेत, पण कित्येकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची नोंद आहे. जलरंगाच्या विद्यार्थ्याने हीच सवय लावून घ्यावी आणि शेजारी त्या दिवशी कागद किती वेळात वाळला तेही लिहावे.