परक्या फौजेच्या ताब्यातील नागरिक : संरक्षणाचे नियम कसे घडत गेले

परकी फौज शहरात शिरते, जुने सरकार पळते किंवा पडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणीपुरवठा, पाव, दवाखाना, पोलीस, कोर्ट यांचे काय हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर देणारा आंतरराष्ट्रीय कायदा आज बराच तपशीलवार आहे. मात्र त्याचा जन्म नागरिकांच्या काळजीपोटी झाला नाही. तो झाला राज्यकर्त्यांच्या आपसातल्या व्यवहारातून. युद्ध संपून तह होईपर्यंत जिंकलेला मुलूख जेत्याचा होत नाही, तो फक्त त्याच्या ताब्यात असतो, हे त्याचे मूळ सूत्र. पदच्युत राजाची मालमत्ता आणि कायदे जसेच्या तसे परत मिळावेत ही त्यामागची चिंता होती. प्रजा या सूत्रात ओघाने आली.

पहिला लेखी दस्तऐवज अमेरिकन यादवी युद्धातला. २४ एप्रिल १८६३ रोजी लिंकनच्या सरकारने फ्रान्सिस लीबर या प्राध्यापकाने तयार केलेली १५७ कलमांची संहिता सैन्याला लागू केली. निःशस्त्र नागरिकांना ठार मारू नये, गुलाम करू नये, दूरच्या प्रदेशात उचलून नेऊ नये, असे तिचे २३ वे कलम सांगते. त्याच संहितेचे १७ वे कलम मात्र शत्रूला, सशस्त्र असो वा निःशस्त्र, उपाशी ठेवणे कायदेशीर ठरवते. नियमाला लागूनच अपवाद ठेवण्याची ही रीत पुढच्या शंभर वर्षांत सुटली नाही.

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियन फौजांनी फ्रान्समध्ये रूळ उखडले जाऊ नयेत म्हणून गावातल्या प्रतिष्ठितांना रेल्वे इंजिनांवर बसवून नेले. त्यानंतर १८७४ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्या पुढाकाराने १५ युरोपीय देश ब्रुसेल्सला जमले. तिथला खरा वाद समजून घेण्यासारखा आहे. मोठ्या फौजा असलेल्या देशांना ताबेदार (म्हणजे परका मुलूख ताब्यात ठेवणाऱ्या) सैन्याचे अधिकार नीट लिहून हवे होते. बेल्जियमसारख्या लहान देशांचे म्हणणे असे, की ज्याच्यावर आक्रमण होणार हे ठरलेलेच आहे त्याने आक्रमकाचे हक्क आधीच कबूल का करावेत? मसुदा मंजूर झाला नाही. पण १८९९ आणि १९०७ च्या हेग परिषदांनी जे नियम केले त्यांचा सांगाडा तिथलाच होता. १८९९ मध्ये ताबेदार फौजेविरुद्ध उठलेल्या नागरिकांना सैनिक मानायचे की गुन्हेगार, यावर पुन्हा तोच वाद पेटला. तो सुटेना, तेव्हा रशियाचे प्रतिनिधी मार्टेन्स यांनी एक तोडगा वाचून दाखवला : जिथे लेखी नियम नाही तिथेही लोक माणुसकीच्या तत्त्वांच्या आणि सार्वजनिक सदसद्विवेकाच्या छत्राखाली राहतील. आज मोठ्या आदराने उद्धृत होणारे हे कलम अडलेली बैठक पुढे सरकावी म्हणून आले होते.

हेग नियमांतील ४२ ते ५६ ही कलमे ताब्याविषयी आहेत. प्रदेश प्रत्यक्षात शत्रूसैन्याच्या अंमलाखाली आला की ताबा सुरू. घोषणा केली काय आणि न केली काय, फरक पडत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था राखायची, आणि अगदीच अशक्य नसेल तर तिथलेच कायदे चालू ठेवायचे. निष्ठेची शपथ घ्यायला लावायची नाही. लूट बंद. सरकारी जमिनी, जंगले यांचा उपभोग घेता येतो, पण झाडाची फळे खावीत, झाड तोडू नये एवढ्याच मर्यादेत. ५२ वे कलम सर्वांत व्यवहारी आहे. धान्य, घोडे, मजुरी मागायची तर ती केवळ सैन्याच्या गरजेपुरती, त्या भागाच्या ऐपतीच्या प्रमाणात, स्थानिक सेनाधिकाऱ्याच्या हुकुमाने. पैसे शक्यतो रोख, नाहीतर पावती, आणि पावतीवरची रक्कम लवकरात लवकर चुकती करायची. पैशाची वसुली असेल तर लेखी आदेश आणि प्रत्येक देणाऱ्याला पावती.

या नियमांची परीक्षा सात वर्षांतच झाली, तीही बेल्जियममध्ये. २३ ऑगस्ट १९१४ रोजी दिनां या गावात जर्मन सैन्याने ६७४ नागरिक मारले. कारण दिले ते लपून गोळीबार करणाऱ्या गावकऱ्यांचे. सामूहिक दंड ५० व्या कलमाने निषिद्ध होताच, पण ‘गाव सामील होते’ असे एकदा म्हटले की कलम गळून पडत असे. डिसेंबर १९१४ पासून महिन्याला ४ कोटी फ्रँकची वसुली सुरू झाली. सर्वांत मोठे भोक दिसले ते १९१६ च्या शरद ऋतूत. ताब्यातल्या कारखान्यांची यंत्रे आणि कच्चा माल काढून नेल्यावर बेकारी वाढली, आणि मग बेकारांमुळे सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात येते असे सांगत सुमारे १ लाख २० हजार कामगारांना जर्मनीत आणि आघाडीमागे सक्तीच्या मजुरीला नेण्यात आले. सुव्यवस्था राखण्याचे कलम लोकांच्या रक्षणासाठी होते. तेच त्यांना उचलून नेण्याचा आधार बनले. हद्दपारीवर थेट बंदी हेग नियमांत कुठेच नव्हती. विसाव्या शतकात कोणी असे करील, हे नियम लिहिणाऱ्यांच्या मनातही आले नव्हते.

एवढे होऊनही दोन युद्धांच्या मधल्या काळात जिनिव्हात करार झाले ते फक्त जखमी सैनिक आणि युद्धकैद्यांसाठी, १९२९ मध्ये. नागरिकांसाठी रेडक्रॉसने १९३४ च्या टोकियो परिषदेत मसुदा मांडला. त्यावर चर्चा करण्यासाठी १९४० च्या आरंभी राजनैतिक परिषद भरायची होती. ती भरली नाही.

त्यानंतर युरोपात काय झाले ते सर्वश्रुत आहे. कायद्याच्या दृष्टीने दोन प्रसंग पाहायला हवेत. पहिला ग्रीसमधला दुष्काळ. १९४१ च्या हिवाळ्यात ताबेदार फौजांनी धान्य उचलले, ब्रिटिश नाकेबंदीमुळे बाहेरून येणारे बंद झाले आणि अथेन्समध्ये माणसे रस्त्यावर मरू लागली. तुर्कस्तानातून मदत आणणारे कुर्तुलुश हे जहाज जानेवारी १९४२ मध्ये बुडाले. अखेर स्वीडनची जहाजे महिन्याला १५ हजार टन कॅनडियन गहू आणू लागली. ब्रिटनची अट होती की ग्रीसमध्ये पिकलेले ग्रीकांनाच मिळाले पाहिजे, म्हणून वाटपावर स्वीडिश आणि स्विस लोकांची देखरेख बसवण्यात आली. मदत पोचवायची तर एका बाजूची परवानगी पुरत नाही, आणि आलेल्या धान्याइतके स्थानिक धान्य ताबेदाराने उचलले तर मदत त्याच्याच कोठारात जाते, हे तिथे शिकायला मिळाले. दुसरा प्रसंग रोममधला. २३ मार्च १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात ३३ जर्मन पोलीस मेले. एकास दहा या हिशेबाने दुसऱ्या दिवशी आर्देआतीन खाणींत ३३५ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हिशेबाहून पाच जास्त.

भारतीय नागरिकांनी हा अनुभव घेतला तो अंदमानात. २३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले आणि ऑक्टोबर १९४५ पर्यंत बेटे त्यांच्या ताब्यात होती. मराठी वाचकाला सावरकरांमुळे ठाऊक असलेल्या सेल्युलर जेलमध्ये या काळात हेरगिरीच्या संशयावरून स्थानिक लोकांना कोंडून छळले गेले. ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंजला ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

आता गंमत पाहा. १९४८ मध्ये न्युरेंबर्गच्या अमेरिकन न्यायालयाने बाल्कनमधल्या जर्मन सेनापतींना शिक्षा केली खरी, पण काही अटी पाळल्या तर ओलीस मारणे तत्कालीन कायद्याला धरून असू शकते, असेही म्हटले. त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात लेनिनग्राडच्या वेढ्यात नागरिकांची उपासमार बेकायदा ठरवता आली नाही. न्यायाधीश क्रूर नव्हते. त्यांच्या हातातले पुस्तकच तसे होते. म्हणून नागरिकांच्या संरक्षणासाठी झालेल्या १२ ऑगस्ट १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातले ३४ वे कलम इतके आखूड आहे : ओलीस ठेवण्यास मनाई. अटी नाहीत, अपवाद नाही. उपासमारीवरची स्पष्ट बंदी मात्र १९७७ पर्यंत लांबली.

४९ वे कलम बेल्जियममधल्या आणि दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या हद्दपारीला दिलेले उत्तर आहे : हद्दपारी कोणत्याही कारणाने नाही, आणि ताबेदाराने स्वतःचे नागरिकही तिथे आणून वसवायचे नाहीत. ५५ आणि ५९ वी कलमे ग्रीसची आठवण देतात : अन्न आणि औषधांचा पुरवठा ही ताबेदाराची जबाबदारी, आणि तो अपुरा असेल तर बाहेरच्या मदतीला वाट द्यावीच लागेल. फौजदारी कलमे तर वकिलाने लिहिल्यासारखी आहेत. नवा दंडात्मक हुकूम लोकांच्या भाषेत प्रसिद्ध झाल्याशिवाय लागू होत नाही आणि मागच्या तारखेपासून तर नाहीच. लष्करी न्यायालय ताब्यातल्या प्रदेशातच बसले पाहिजे आणि कैदीही तिथेच ठेवला पाहिजे. १८ वर्षांखालच्या आरोपीला फाशी नाही.

याउलट ७८ वे कलम सैल राहिले. सुरक्षेच्या निकडीच्या कारणास्तव खटल्याविना स्थानबद्ध करता येते; अपिलाचा हक्क आणि शक्य तर दर सहा महिन्यांनी फेरविचार, एवढेच बंधन. व्यवहारात काय होते? पुरावा गुप्त, वकिलाला गोषवारा, आणि सहा महिन्यांचा फेरविचार म्हणजे नव्या तारखेचा शिक्का. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमध्ये हे आदेश कितीही वेळा वाढवता येतात.

तिथली पार्श्वभूमी एक वेगळी पळवाट दाखवते : हा ताबा नव्हेच, असे म्हणणे. जून १९६७ मध्ये इस्रायली लष्कराच्या पहिल्याच हुकुमांत लष्करी न्यायालयांनी चौथा जिनिव्हा करार पाळावा असे लिहिले होते. ऑक्टोबरमध्ये ते कलम काढले गेले. मधल्या सप्टेंबरात परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी नागरी वसाहती कराराचा भंग ठरतील असा लेखी सल्ला दिला होता. १९७९ मध्ये नाब्लसजवळच्या एलोन मोरे वसाहतीसाठी खासगी जमीन घेणे इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, कारण लष्करी गरज पटली नाही. त्यानंतर वसाहती थांबल्या नाहीत, जमिनीचा प्रकार बदलला : १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्याचा आधार घेऊन पडीक जमिनी ‘सरकारी’ घोषित होऊ लागल्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये करार लागू असल्याचे आणि १९ जुलै २०२४ च्या मतात एकूण उपस्थितीच बेकायदा असल्याचे सांगितले.

ताबा संपला कधी, हा प्रश्न आपल्याकडेही कोर्टात आला आहे, गोव्याच्या निमित्ताने. डिसेंबर १९६१ नंतर एका पाद्रीने पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले. निवास परवान्याची मुदत १३ नोव्हेंबर १९६४ ला संपली, त्यांनी नूतनीकरण मागितले नाही, देश सोडण्याचा हुकूमही पाळला नाही, आणि परकीय नागरिक कायद्याखाली ३० दिवसांची साधी कैद व ५० रुपये दंड झाला. त्यांचा बचाव असा : मी ताब्यातल्या प्रदेशातील संरक्षित व्यक्ती, ४९ वे कलम मला हद्दपारीपासून वाचवते आणि ४७ वे कलम सांगते की प्रदेश विलीन केला तरी संरक्षण जात नाही. मार्च १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. लढाई चालू असताना केलेले अकाली विलीनीकरण वेगळे आणि प्रतिकार पूर्ण संपल्यावरचे वेगळे. इथे ताबा संपलेला आहे, त्यामुळे कराराचे संरक्षणही. इतिहासाविषयी मत काहीही असो, कायद्याच्या अभ्यासकाने निकालाचा दुसरा भाग वाचावा : भारताचा १९६० चा जिनिव्हा करार कायदा कराराचा भंग करणाऱ्यास शिक्षा सांगतो, पण पीडिताला सरकारविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देत नाही. त्या कायद्याखाली गुन्ह्याची दखलसुद्धा कोर्टाला सरकारच्या तक्रारीवरच घेता येते.

ही उणीव मानवी हक्कांच्या करारांनी काही अंशी भरून काढली. जिनिव्हा करार सैन्याशी बोलतो. मानवी हक्क करारात माणूस स्वतः अर्ज करतो. तुर्की सैन्याच्या ताब्यातल्या उत्तर सायप्रसमध्ये किरेनियातील आपल्या जमिनीवर जाऊ न दिल्याबद्दल एका महिलेने तुर्कस्तानविरुद्ध अर्ज केला आणि स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९५-९६ मध्ये मान्य केले की परदेशी भूमीवर परिणामकारक नियंत्रण असेल तर जबाबदारीही आहे. सप्टेंबर २००३ मध्ये इराकमधल्या बसऱ्यात हॉटेलच्या स्वागतकक्षातला एक तरुण ब्रिटिश सैन्याच्या कोठडीत मेला. अंगावर ९३ जखमा होत्या. ब्रिटिश न्यायालयांनी कोठडीतला मृत्यू मानवी हक्क कराराच्या कक्षेत धरला, गस्तीवरच्या सैनिकांच्या गोळीने मेलेले वगळले. ७ जुलै २०११ ला स्ट्रासबर्गने ही रेघ पुसली आणि त्या मृत्यूंच्याही स्वतंत्र चौकशीचे बंधन घातले.

युक्रेनमध्ये १७ मार्च २०२३ चे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे वॉरंट, रशियाच्या राष्ट्राध्यक्षांसह दोघांवर, मुलांच्या बेकायदा हद्दपारीच्या आरोपाचे आहे. १९१६ ला जो शब्द नियमांत नव्हता तो इथे आरोपाचा गाभा आहे.

भरपाईचा सर्वांत ठोस आकडा काँगोतून येतो. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इतुरी जिल्ह्यात युगांडा ताबेदार सत्ता होती आणि तिथल्या हिंसेला आळा घालण्याचे कर्तव्य तिने पाळले नाही असे ठरवले. ९ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात ३२.५ कोटी डॉलर ठरले : माणसांच्या हानीसाठी २२.५ कोटी, मालमत्तेसाठी ४ कोटी, खनिजे आणि इतर संपत्तीसाठी ६ कोटी. सप्टेंबर २०२२ पासून दरवर्षी ६.५ कोटींचे पाच हप्ते. ही रक्कम काँगोच्या सरकारला द्यायची आहे; इतुरीतल्या कुटुंबांपर्यंत ती पोचवणे हे काँगोचे काम.