लहान नगरांतील नागरी सेवा-समाधान

लहान नगरांतील नागरी सेवा-समाधान : पाणीपुरवठा, स्वच्छता, रस्ते, दिवाबत्ती इ. स्थानिक सेवांविषयी व एकूण राहणीमानाविषयी रहिवाशांचे मत आणि ते मोजण्याची पद्धती.

रहिवाशांना थेट विचारून सेवा पारखण्याची रीत अमेरिकेतील नगर प्रशासनात साधारणतः १९७० च्या दशकात रुळली असावी. तिच्या भरवशाविषयी लवकरच वाद निर्माण झाला. समाधानाचे आकडे सेवेच्या प्रत्यक्ष दर्जाशी जुळतातच असे नाही, म्हणून ते कामगिरीचे माप मानणे धोक्याचे आहे, असे अमेरिकी अभ्यासक ब्रायन स्टिपाक यांनी १९७९ मध्ये मांडले. ग्राहकवर्तनाच्या अभ्यासातून रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतरावरून समाधान ठरते. ग्रेग व्हॅन रायझिन यांनी २००४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या नागरी सेवांना लावून पाहिले. दिवसाआड पाण्याची सवय असलेल्या गावात रोज तासभर नळ आला तरी लोक समाधानी असू शकतात. चोवीस तास पाणी मिळणाऱ्या गावात एका दिवसाचा खंडही खटकतो. हे अपेक्षाधिष्ठित स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. मात्र ते स्वीकारल्यास दोन नगरांचे समाधानाचे आकडे शेजारी ठेवून क्रमवारी लावता येत नाही, हेही ओघाने येते.

भारतात सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने बंगळूरमध्ये १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात झालेले नागरिक प्रगतिपत्रक (नागरिकांनी सार्वजनिक सेवांना दिलेले गुणांकन) हा या पद्धतीचा महत्त्वाचा आरंभीचा प्रयोग होय. केंद्र शासनाने २००८ मध्ये पाणी, मलनिस्सारण, घनकचरा व पर्जन्यजल निचरा यांसाठी २८ सेवा-निर्देशक ठरवले. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हा त्यांतील एक मानदंड. केंद्र शासनाच्या २०२० च्या जीवनसुलभता निर्देशांकात (ईझ ऑफ लिव्हिंग इंडेक्स) नागरिकांच्या मताला ३० टक्के भार होता. तथापि त्यात १११ शहरेच होती. महाराष्ट्रातील ‘क’ वर्ग (लोकसंख्येने सर्वांत लहान गटातील) नगरपरिषदा व नगरपंचायती या मोजणीबाहेर राहिल्या.

लहान नगरांतील उत्तरांचा अर्थ जपून लावावा लागतो. नगरसेवक बहुधा ओळखीचा, कित्येकदा शेजारचाच. परक्या प्रश्नकर्त्यापुढे त्याच्याविषयीची नाराजी उघड बोलली जाईलच असे नाही. शिवाय शिक्षण व नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली पिढी पाहणीत येत नाही. असमाधानी रहिवासी गाव सोडून आपले मत नोंदवतात, हा अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबू यांचा १९५६ मधील विचार येथे उपयोगी पडतो. पण त्यांनी गृहीत धरलेले निवडीचे स्वातंत्र्य घर, शेती व नाती यांनी बांधलेल्या माणसाला क्वचितच असते. त्यामुळे राहिलेले सर्व समाधानी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

महाराष्ट्रात कराडलगतच्या मलकापूरची (जि. सातारा) मीटरवर आधारित चोवीस तास पाणीयोजना लहान नगरातील सेवासुधारणेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. दाखले व परवान्यांबाबत २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदती व अपिलाची तरतूद झाली. अपिलांची नोंद लेखी राहत असल्याने समाधानाच्या आकड्यांशी ती ताडून पाहता येते.