‘स्थि’ अडतं, ऊर्जा कळते

प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं. मुलगा हुशार, खेळात चपळ. आकडे तो सहज वाचायचा, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा. सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, हे त्याच्या शिक्षकांचं मतही मॉर्गन यांनी नोंदवलं आहे. डिस्लेक्सियाच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडण्याच्या, या अगदी सुरुवातीच्या वर्णनात मला ते मतच सर्वांत मोलाचं वाटतं.

आता आपल्याकडचा नववीचा विज्ञानाचा तास घ्या. फळ्यावर ‘स्थितिज ऊर्जा’ लिहिलंय. ‘स्थि’मधली पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तिचा उच्चार मात्र ‘स्’ आणि ‘थ्’ झाल्यानंतर करायचा. सरावलेल्या वाचकाला हे जाणवतही नाही. ज्या मुलाच्या मेंदूला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालायलाच कष्ट पडतात, तो इथे अडखळतो. अडचण तेवढ्यावर थांबत नाही. आपली कार्यस्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती धरून ठेवणारी क्षमता, फार तोकडी असते. ती अक्षरं जुळवण्यातच खर्च झाली की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटते. मग बुद्धी शाबूत असूनही ‘ह्याला काही कळत नाही’ असा शिक्का बसतो.

त्याच मुलाच्या हातात एक रबरबँड द्या. ताणायला सांगा, सोडायला सांगा, ऊर्जा कुठे साठली होती ते विचारा. संकल्पना आधी हाताला आणि कानाला कळू द्या, शब्द फळ्यावर नंतर येऊ द्या. व्याख्या फळ्यावरून उतरवून घेण्याची सक्ती तर सोडाच. छापील कागद दिला की लेखनात अडणाऱ्या मुलाचं लक्ष मोकळं होतं. असा तास वर्गातल्या इतरांनाही जास्त समजतो.

कमी ऐकू येणाऱ्या आणि कमी दिसणाऱ्या मुलांचाही असाच विचार हवा. फळ्याकडे तोंड करून बोललं की ओठ पाहून समजून घेणारं मूल तासापासून तुटतं. श्रवणयंत्र बाईंच्या आवाजासोबत पंख्याची घरघरही मोठी करतं, म्हणून ते मूल कुठे बसतं हे महत्त्वाचं. कमी दिसणाऱ्यासाठी फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. ‘हे इकडे, ते तिकडे’ म्हटलेलं त्याच्या काही कामाचं नसतं.

आणि थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला आढळलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर वाट पाहतात. ती वेळ ३ सेकंदांवर नेली तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. याला पैसे लागत नाहीत.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत आणि त्यांत डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. सवलत हवीच, पण त्याआधीची नऊ वर्षं मूल वर्गात बसलेलं असतं. घटक चाचणीत ऊर्जाच तपासायची असेल, तर उत्तर तोंडी घ्या किंवा आकृतीतून घ्या. शुद्धलेखन तपासायला मराठीचा तास आहेच.